कोंबडीला कुशीत घेतलेलं आवडतं का?

प्रश्न: ताई, माझी लेक परसातली गावठी कोंबडी सारखी कुशीत घेते, कोंबडी गप्प बसते, पण तिला ते आवडतं का हो?

उत्तर: गप्प बसली म्हणजे आवडलं असं धरू नका हं, घाबरलेली कोंबडी पण निपचित पडते. पिल्लू असल्यापासून हाताळलेली असेल तर मात्र कितीतरी कोंबड्या आपणहून मांडीवर येतात, डोळे मिटतात, तेव्हा खुशाल लाड करा. हात लावताच पंख किंचित पसरून खाली दबली तर ते प्रेम नव्हे, अंड्यावर आलेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, कोंबड्यापुढे अशीच बसते. आणि घट्ट आवळू तर अजिबात नका, तिला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो, छातीचं हाड हललं तरच श्वास घेता येतो. पायांना खालून आधार द्या, आणि फडफडली की लगेच सोडा.