वाचकांचे प्रश्न: अभिजात पुस्तक घेतलं, पण पुढे सरकत नाही

उन्हाळ्यात हौसेने घेतलेलं पुस्तक पाऊस लागेपर्यंत कुठेतरी अडून बसलंय, अशा अर्थाची पत्रं या वेळी जास्त आली. घेतलं काय होतं ते पाहिलं तर तीन ढीग पडतात: मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून कळलेले रशियन लेखक, विदर्भातलं म्हणून कुणीतरी हातात दिलेलं मराठी पुस्तक आणि घरातली आजीची ज्ञानेश्वरी. बहुतेकांना पुस्तक आवडलेलं आहे. अडचण दुसरीच आहे.

माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दस्तयेव्हस्कीचं ‘व्हाइट नाइट्स’ तिने दोन दिवसांत संपवलं आणि लगेच ‘क्राइम अँड पनिशमेंट’ मागवलं. ते सुरुवातीलाच पडून आहे. पुस्तक जड आहे की भाषांतर वाईट? (एक आई, प्रतापनगर)

बहुधा दोन्ही नाही. ‘व्हाइट नाइट्स’ (१८४८) म्हणजे चार रात्री आणि एक सकाळ, त्यातही लक्षात ठेवायची माणसं जेमतेम दोन-तीन. ‘क्राइम अँड पनिशमेंट’चे (१८६६) सहा भाग आणि वर उपसंहार. दोन्हींवर लेखकाचं नाव एकच म्हणून दोन्ही एकाच वेगाने वाचता येतील असं नाही.

नवे वाचक ठरलेल्या ठिकाणी थांबतात: पहिल्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात. गुत्त्यात बसलेला मार्मेलादोव्ह नावाचा नोकरी गमावलेला कारकून तिथे पानंच्या पानं बोलत सुटतो आणि वाटतं, गोष्ट कधी सुरू होणार? ती तिथेच सुरू झालेली असते. त्याची मुलगी सोन्या, तिचं नाव पहिल्यांदा त्याच्याच तोंडून येतं. हे प्रकरण एका बैठकीत वाचायला सांगा, जमलं तर मोठ्याने. मध्येच सुटलं तर प्रकरणाच्या सुरुवातीपासून पुन्हा. खून पहिल्या भागाच्या शेवटी होतो. तिथवर पोहोचल्यावर पुस्तक ठेवायचं की नाही ते ठरवावं.

दुसरा अडथळा नावांचा. खरं तर मराठी माणसाला तो वाटायलाच नको, कारण आपल्यासारखंच रशियनांचंही मधलं नाव वडिलांचं. कादंबरीचा नायक रोदिओन रोमानोविच रास्कोलनिकोव्ह म्हणजे रोमानचा मुलगा रोदिओन, आडनाव रास्कोलनिकोव्ह. नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारली की तो आदर, आपल्या ‘राव’सारखा. ‘रोद्या’ हे घरचं नाव. बहीण अवदोत्या रोमानोव्हना, घरी दुन्या; वडील तेच, हे नावातच दिसतं. वाचनखूण म्हणून एक कोरा कागद घ्या, त्यावर तीन रकाने आखा: आडनाव, आदराची हाक, घरचं नाव. आठ-दहा माणसं लिहून झाली की कागदाकडे फारसं बघावं लागत नाही.

तरीही मन लागत नसेल तर मध्ये विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ (१९३९) द्या. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, चक्रधर आणि हॅर्टा, आणि हातात मोजके दिवस. ‘व्हाइट नाइट्स’मधलं जे तिला आवडलं, ते इथे मराठीत सापडेल, जास्त कडवट होऊन.

पुण्याहून नोकरीसाठी नागपूरच्या मिहानला आले. ऑफिसात सगळ्यांनी ‘धग’ वाच म्हणून सांगितलं. निवेदन कळतं, संवाद आले की अडखळते. शब्दकोश कुठे मिळेल? (एक वाचक, मनीषनगर)

शब्दकोश नको. कोशात शब्द सापडेल, पण अडतंय ते उच्चारापाशी. उद्धव शेळक्यांच्या या कादंबरीतल्या (१९६०) वऱ्हाडी संवादांसाठी पाच किल्ल्या पुरतात.

‘ळ’च्या जागी ‘य’ येतो: डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. ‘ला’च्या जागी ‘ले’: मले, तुले, आणि ‘कशाला’ला ‘कायले’. ‘ण’चा ‘न’: पानी, कोन. शब्दाच्या सुरुवातीचा ‘वि’ पुष्कळदा ‘इ’ होतो: इचार. आणि चालू असलेली क्रिया ‘राहणे’ लावून सांगतात: ‘काय करून राह्यला?’ ही पाचवी किल्ली तुम्ही रोज कॅन्टीनमध्ये ऐकतच असाल. पहिली वीसेक पानं ओठ हलवून वाचा. ‘डोया’ डोळ्यांना परका वाटतो, कानाला लगेच कळतो.

एक सावधगिरी. नागपुरी आणि वऱ्हाडी एक नव्हे. चौकातलं ‘काय बे’ धरून वऱ्हाडी समजायला गेलात तर फसाल. आणि ‘धग’ एका दमात संपवू नका. नायिका कौतिकच्या हालांना विसावा नाही, सलग वाचलं की मन बधिर होतं आणि पुढचं नुसतं दुःखाचं ओझं वाटायला लागतं. रोज थोडं वाचा. पैसा कुठून आला, कुठे गेला, कुणाच्या कष्टाचा होता, हे मात्र नजरेतून सुटू देऊ नका. ती बाई संसार कशी ओढते ते त्या हिशेबात आहे.

आजीची ज्ञानेश्वरी आहे. भक्तीपेक्षा साहित्य म्हणून वाचायची आहे. पहिल्या अध्यायापासून दोनदा सुरू केली, दोनदा सोडली. (विद्यार्थी, महाल)

शेवटापासून सुरू करा. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस पसायदान आहे आणि ते तुम्हाला पाठ असणार. शाळेत म्हणताना अर्थाकडे लक्ष गेलं नसेल, एवढंच.

‘आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें । तोषोनि मज द्यावें । पसायदान हें’. यात ‘देवें’ म्हणजे देवाने, ‘येणें वाग्यज्ञें’ म्हणजे या वाणीच्या यज्ञाने. आजचं ‘ने’ तिथे शेवटच्या मात्रेत आणि अनुस्वारात बसलेलं आहे. ‘तोषोनि’ म्हणजे संतोष पावून. ‘करोनि’, ‘म्हणौनि’ ही रूपं त्याच घरची. पुढे ‘खळांची व्यंकटी सांडो’: व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, आणि सांडणं म्हणजे दूध सांडतं तसं नव्हे, तर सुटून जाणं. ओळखीच्या शब्दाचा अर्थ असा सरकलेला असतो, तिथेच वाचक घसरतो. अनोळखी शब्दाला निदान आपण थांबतो तरी. ‘कां’ असाच. तो नेहमी प्रश्न विचारत नाही, अनेकदा त्याचा अर्थ ‘किंवा’ असतो.

ओवीची चालही इथेच कळते. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले (देवें, तोषावें, द्यावें), चौथा आखूड आणि मोकळा. चौथ्याआधी किंचित थांबा. हे न करता गद्यासारखं वाचलं की दम लागतो.

मग बारावा अध्याय घ्या. ओव्या २४७. रोज बारा धरल्या तर तीन आठवडे. अठराव्यात अठराशेच्या वर आहेत, त्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. बाराव्याच्या सुरुवातीला ‘जय जय वो शुद्धे’ येतं. हा ‘वो’ म्हणजे ‘अगं’. गुरूच्या कृपेला आई समजून मारलेली हाक आहे. आधी बारा ओव्या सलग म्हणा, मग खालचा अर्थ बघा, मग पुन्हा ओव्या. अर्थ आधी वाचलात तर ओवी नुसती पडताळून पाहण्यापुरती उरते.

सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत ‘पण लक्षात कोण घेतो’ मिळालं. ‘घरांत’, ‘केलें’ असे अनुस्वार जागोजागी आहेत आणि मध्ये गोष्ट एकदम तुटते. छपाईच चुकलेली आहे का? (एक निवृत्त वाचक, धरमपेठ)

अनुस्वार चूक नव्हे. १९६२चे लेखननियम येण्याआधी न उच्चारलेले अनुस्वारही लिहीत. दहा पानांत नजर सरावते.

गोष्ट तुटते तिथले पृष्ठांक बघा. पुस्तक साधारण सोळा पानांच्या फर्म्यांत छापून शिवतात. एखादा फर्मा गळला की ९६ नंतर थेट ११३ येतं. कधी तोच फर्मा दोनदा लागलेला असतो. जुनं पुस्तक घेताना सोळा-सोळा पानांवर आकडे चाळा, दोन मिनिटं लागतात. पृष्ठांक सलग असूनही तुटत असेल तर संक्षिप्त आवृत्ती असण्याची शक्यता मोठी. शीर्षकाच्या मागचं पान आणि प्रस्तावना बघा, ‘संक्षिप्त’ किंवा ‘विद्यार्थी आवृत्ती’ हे शब्द बारीक अक्षरात लपलेले असतात.

हीच काळजी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घेताना नागपूरकरांनी जरूर घ्यावी. त्यांचे पती ना. वा. टिळक इथे अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम करत होते, आणि १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना मिशनरी वॉर्ड भेटले. लक्ष्मीबाईंच्या आयुष्याला वळण लावणारा प्रवास आपल्या स्टेशनवरून सुरू झाला. काटछाट केलेल्या प्रतीत असे तपशील आधी जातात.

‘पण लक्षात कोण घेतो’ ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी ‘करमणूक’ या साप्ताहिकात १८९० पासून हप्त्याहप्त्याने आली होती. तशीच वाचा, दिवसाला एखाद-दुसरं प्रकरण. सलग वाचताना जी पुनरुक्ती वाटते, ती हप्त्याने वाचताना आठवण करून देण्याचं काम करते.

फुकट पीडीएफ वाचणं बेकायदा आहे का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढल्या जानेवारीपासून. हरिभाऊ (मृत्यू १९१९), लक्ष्मीबाई (१९३६), साने गुरुजी (१९५०) यांचं मूळ लेखन मोकळं आहे. बेडेकर, शेळक्यांचं नाही. जुन्या लेखकाच्या नव्या भाषांतराला आणि नव्या टिपांना वेगळा हक्क असतो. विकत घेणं परवडत नसेल तर आधी ग्रंथालय बघा. विदर्भ साहित्य संघ झाशी राणी चौकातच आहे, मेट्रोने उतरलं की जवळ.

पुस्तकांची पानं लाटांसारखी वाकडी झालीत.

कपाट कूलरच्या झोतात असणार. हलवा. आणि वाळवायला म्हणून मे महिन्याच्या उन्हात ठेवू नका. डिंकाने चिकटवलेल्या पुस्तकाचा कणा तडकतो आणि पानं सुटी होतात.

सोसायटीत पाच-सहा जणांचा वाचनगट केला. पहिल्या पुस्तकाला कुणीच पूर्ण वाचून आलं नाही. (त्रिमूर्तीनगर)

घरून वाचून येण्याची अटच काढा. नाटक घ्या आणि तिथेच मोठ्याने वाचा. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) नागपूरच्या गटाला फार सोयीचं. लेखक इथले, वाडा विदर्भातला, आणि तात्याजी गेल्यानंतर कोण काय घेणार हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पात्रं दहा, म्हणून एकेकाला दोन भूमिका येतील. एकाच प्रवेशात समोरासमोर येणारी दोन पात्रं एकाच माणसाला देऊ नका, तिथे वाचन विस्कटतं. भास्कर आणि वहिनी जे बोली नीट बोलतात त्यांना द्या. मुंबईहून आलेल्या सुधीरची बायको अंजली पुण्या-मुंबईकडच्या कुणाला, म्हणजे घरातलं तिचं परकेपण आवाजातूनच कळतं. रंगसूचना वाचायला एक माणूस वेगळा ठेवा. त्या गाळल्या की अंगणातला बंद ट्रॅक्टर दिसेनासा होतो, आणि तो दिसलाच पाहिजे. नाटक दोन बैठकांत विभागा. दादीला वाक्यं अगदी थोडी आहेत. ज्याला चारचौघांत वाचायचा संकोच वाटतो, पहिल्या दिवशी ती त्याच्याकडे द्या.