सोसायटीच्या पूर-पथकात शेवटचा शब्द कोणाचा?

सोसायटीच्या पूर-पथकात शेवटचा शब्द कोणाचा असावा, असं विचारणारी तुमची पोस्ट वाचली आणि आमचीच सोसायटी डोळ्यांसमोर आली. नदीकाठच्या इमारती, मदतीला हौशी मंडळी, ग्रुपवर रात्रभर मेसेजचा पाऊस आणि तरी तळमजल्यावरच्या आजींना कधी हलवायचं यावर चौघांची चार मतं. आम्हीही पुण्यातल्या सिंहगड रोडचेच. दोर, टॉर्च, लाईफ जॅकेट तुमच्याकडे असणारच, त्यावर बोलत नाही.

आम्हाला सगळ्यात महाग पडला तो एक नियंत्रण कक्ष. नाव घेत नाही. खडकवासला धरणातून सोडायच्या पाण्याचा, म्हणजे विसर्गाचा, आकडा आला, पण त्यावर वेळच नाही. पाणी सोडलंय की सोडणार आहेत, एवढंच विचारायला फोन केला. "आकडा दिलाय ना? बाकी वरून कळेल." दुसरा नंबर दिला, तिथे "तुमचा भाग आमच्याकडे येत नाही." झालं! निम्मे म्हणाले अजून वेळ आहे, निम्मे म्हणाले यायचं ते येऊन गेलं. तेवढ्यात पार्किंगमधलं पाणी मीटरच्या पेटीपर्यंत चढलं, मेन स्विच पाडावा लागला आणि आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून अंधारात जिना चढवला.

माझं मत ऐका (मी तज्ज्ञ नाही, भोगलेला माणूस आहे): क्यूसेकवर (सेकंदाला किती घनफूट पाणी, त्या आकड्यावर) वाद घालूच नका. खडकवासल्याचा साठा जेमतेम २ टीएमसी (अब्ज घनफूट), त्याच्या वरची पानशेत-वरसगाव धरणं मिळून २३ च्या पुढे. ती भरलेली असली की खालचा विसर्ग बघता बघता वाढतो. २५ जुलै २०२४ ला तो ३५ हजार क्यूसेकवर गेला आणि सिंहगड रोडवरची एकता नगरी पाण्यात गेली, ते आपण पाहिलं. त्यात धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी त्या आकड्यात धरलेलंच नसतं. त्यापेक्षा गेटच्या खांबावर, तुमच्या उतारावरून अंदाज घेऊन, रंगाची रेघ मारा. पाणी रेघेला टेकलं की तळमजला रिकामा, मग कोणाला विचारणं नाही. हे मे महिन्यातच मीटिंगमध्ये मंजूर करून घ्या. रेघेच्या आधी अधिकृत सूचना आली तर अर्थातच तेव्हाच निघायचं.

शेवटचा शब्द चेअरमनचा नको. त्यांना त्या रात्री नगरसेवकापासून मेव्हण्यापर्यंत सगळे फोन करतात. ज्याचा फोन वाजत नाही असा शांत डोक्याचा माणूस नेमा, त्याला बदलीही ठेवा. मेसेजमध्ये वेळ हवी आणि स्वतः पाहिलं की ऐकलं, तेही. निरोप घेणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. नुसता अंगठा पाठवणं बंद करा; आमच्याकडे अंगठे भरपूर होते, शिडी कोणीच आणली नव्हती.

पाणी वाहतं असेल तर आपण उतरायचं नाही. १०१ किंवा ११२ लावा, ते काम अग्निशमन दलाचं. ते आले की फ्लॅट नंबर, माणसं किती, चालता न येणारं कोण, हा कागद एकाच माणसाने पुढे करावा. आमच्याकडे सातजण एकदम बोलत होते.

आणि हो, मेन पाडण्याआधी लिफ्ट रिकामी करून वरच्या मजल्यावर थांबवा. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी गेलं की दुरुस्तीचं बिल वेगळंच येतं.