आर्जांतयच्या पाण्यातली तुटक प्रतिबिंबे

प्रश्न : क्लोद मोने यांच्या 'आर्जांतय येथील नौकाशर्यती' या चित्राची छापील प्रत पाहण्यात आली. वरची शिडे, घरे, झाडे सहज ओळखू येतात. पाण्यात मात्र त्यांच्या प्रतिबिंबांच्या जागी नुसते जाड, आडवे, सुटे फटकारे दिसतात. हा भाग घाईने अपुरा सोडला आहे का? तसे असेल, तर लांबून हेच पाणी हलताना का भासते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हा भाग अपुरा मुळीच नाही, माझ्या मते चित्रातले सर्वांत नेमके निरीक्षण याच भागात आहे. पॅरिसजवळ सीन नदीकाठी असलेल्या आर्जांतय या गावी मोने 1871च्या अखेरीस राहायला आले आणि हे चित्र साधारण 1872मधले आहे.

संथ पाण्यात प्रतिबिंब अखंड दिसते, परंतु वाऱ्याने लहरी उठल्या की प्रत्येक लहरीचा आपल्याकडे कललेला उतार उंचावरचे आकाश दाखवतो, तर तिची पलीकडची बाजू काठावरचे घर किंवा झाड दाखवते, आणि त्यामुळे घराच्या प्रतिबिंबात आकाशाचे आडवे पट्टे शिरून ते तुकड्यातुकड्यांनी खाली उतरते. मोने यांनी हेच रंगवले आहे. उजव्या काठाकडे पाहा : तांबूस घराखालच्या पाण्यात तांबडे-नारिंगी फटकारे आहेत, त्यांना खेटून झाडांचे हिरवे आहेत, आणि हे रंग एकमेकांत घोटून एकजीव केलेले नाहीत. लाल आणि हिरवा हे परस्परविरोधी रंग असल्याने शेजारी आले की दोन्ही अधिक तेजस्वी भासतात (रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी 1839मध्येच हे सविस्तर मांडले होते). घोटले असते, तर त्यांचा मळकट तपकिरी झाला असता. शिडांखालच्या निळ्या पाण्यातले पांढरट फटकारेही असेच सुटे ठेवलेले आहेत.

पाणी हलल्याचा भास होण्यामागे आणखी एक कारण आहे. जवळच्या लहरी डोळ्याला मोठ्या दिसतात आणि दूरच्या दाटीवाटीने बारीक होत जातात. त्यानुसार चित्राच्या तळाकडचे फटकारे रुंद व मोकळे आहेत, काठाकडे जाताना ते आखूड होतात, आणि पाण्याची आडवी पातळी रेषेशिवायच कळते. शिडांचे उभे, ठाम आकार व त्यांखालची विस्कटलेली प्रतिबिंबे यांच्यातला विरोध नसता, तर ही हालचाल इतकी जाणवली नसती, असे मला वाटते. घराची कड वर स्थिर आहे म्हणूनच खाली ती मोडलेली कळते.

समकालीनांपैकी अनेकांना असे काम कच्चे वाटे, कारण तेव्हाच्या मान्यताप्राप्त चित्रात कुंचल्याची खूण दिसू न देणे हे कौशल्याचे लक्षण समजले जाई. तरीही चित्रकार आणि स्वतः हौशी नौकाचालक असलेल्या गुस्ताव्ह कायबोत यांनी हे चित्र आपल्या संग्रहात ठेवले आणि त्यांच्या मृत्युपत्राद्वारे ते फ्रेंच शासनाकडे गेले; आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

मूळ चित्र सुमारे 48 बाय 75 सेंटिमीटरचे आहे. छोट्या छापील प्रतीत रंगाच्या थराची जाडी सपाट होते, म्हणून शक्य असल्यास मोठी प्रत मिळवावी, आधी प्रतिबिंबांचा भाग जवळून पाहावा, आणि मग हळूहळू मागे सरकत कोणत्या अंतरावर फटकाऱ्यांचे पाणी होते ते स्वतः पडताळावे.