माझी २००३ची मारुती ८०० मधूनच सेल्फ घेत नाही, बॅटरी नवीन आहे. दोष कसा शोधावा?

तुम्ही लिहिलंय की सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, पण बाजारात थोडं थांबून परत आलात की चावी फिरवल्यावर कधी नुसतं 'टक' होतं, कधी तेही नाही. अर्ध्या तासाने मात्र काही न करता चालू होते. बॅटरी बदलून झाली, आता मेकॅनिक सेल्फ बदलायला सांगतोय. कळकळीने सांगतो, एवढ्यात सेल्फ बदलू नका. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि याच लक्षणांवर धडधाकट सेल्फ भंगारात गेलेले पाहिलेत.

मधूनच येणारा दोष गाडी अडलेली असतानाच सापडतो. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत ती सुरळीत झालेली असते, मग मेकॅनिकसमोर अंदाजाने पार्ट बदलण्याखेरीज काही उरत नाही. म्हणून एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र) डिकीत टाकून ठेवा आणि पुढच्या वेळी अडली की जागेवरच मोजा.

तुमचं इंजिन फिरतच नाही, त्यामुळे पेट्रोल पंप, प्लग, कॉइल यांच्यावर आत्ता वेळ घालवू नका. इंजिन फिरतं पण पेट घेत नाही, असं असतं तर तिकडे वळलो असतो.

आधी हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा जाम झालेला सेल्फ. दिवे लख्ख राहिले आणि 'टक' झालं, तर सोलेनॉइड (सेल्फवरचा, मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढतोय पण मोटरला करंट पोहोचत नाही. दिवे लख्ख आणि आवाजच नाही, तर चावीकडून सोलेनॉइडला येणाऱ्या बारीक वायरीत अडचण.

आता मीटर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चावीवर दुसरं माणूस. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी बंद असताना बॅटरी १२.५ च्या आसपास हवी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. नव्या बॅटरीत हे बहुधा ठीकच येईल. त्यानंतर एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर (वरच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच) आणि दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर टेकवा, आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून जास्त दिसलं तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून गिअरबॉक्सला जाणारी जाड वायर किंवा तिचा जोड, खराब आहे. तसंच बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर नको.

अर्थिंग बघायला पुष्कळ जण मीटरचा बीप (वायर सलग असली की वाजणारा) वाजवून पाहतात. त्याने फसगत होते. जाड वायरीतली एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो, पण सेल्फला शंभर अँपिअरच्या आसपास करंट लागतो. एवढ्या करंटला ०.०१ ओहमचा अडथळासुद्धा एक पूर्ण व्होल्ट खातो, आणि ०.०१ ओहम साध्या मीटरवर दिसतही नाही. म्हणून भार असतानाच मोजायचं. आपल्याकडे दोन-चार पावसाळे खाल्लेल्या गाडीत, कोकणातल्या तर हमखास, गिअरबॉक्सवर अर्थिंगची वायर कसलेल्या बोल्टखाली गंज आणि थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीत) हिरवट पूड सापडते.

शेवटी सोलेनॉइडची बारीक वायर. तिच्या टोकापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत, चावी फिरवलेली असताना, दहाच्या वर व्होल्ट मिळायला हवेत. आठच मिळाले तर इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेत किंवा वाटेतला कपलर (वायरींचा जोड) काळा पडलाय. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय इथेच आहे. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. इंजिन बंद केल्यावर बॉनेटखाली वाऱ्याची हालचाल थांबते, सोलेनॉइड आणखी तापतो, आणि सकाळी कसाबसा पुरणारा व्होल्टेज आता पुरत नाही. अर्ध्या तासात सगळं निवतं, गाडी चालू. यावर उपाय म्हणजे फ्यूजसकट १२ व्होल्टचा एक रिले (थोड्या करंटने जास्त करंट चालू करणारा स्विच): बॅटरीकडून थेट सोलेनॉइडला करंट द्यायचा आणि चावीने फक्त रिले चालवायचा. सेल्फच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे.

ही सगळी मोजमापं नीट आली आणि तरीही नुसतं 'टक' होत असेल, तरच सेल्फ उतरवा. तेव्हाही अख्खा बदलण्याआधी कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) आणि सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट बघायला सांगा, ते वेगळे बदलता येतात. अडलेल्या वेळी सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकं ठोकल्यावर तो फिरला, तर कार्बन झिजलेत असं धरायला हरकत नाही.

स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट जोडून सेल्फ फिरवायची युक्ती कुणी सुचवेल, ती करू नका. ठिणग्या उडतात, आणि शेजारीच पेट्रोलची पाइप आणि बॅटरीतून निघणारा वायू असतो.

इंजिन तापलेलं असताना मायनस बाजूचा, प्लस बाजूचा आणि बारीक वायरीचा असे तिन्ही आकडे घ्या आणि इथे लिहा. त्यावरून पुढचं नक्की सांगता येईल.