तपासणीवाले गेले, नाव विचारणं थांबलं

प्रश्न : माझे सासरे नुकतेच एका खासगी हॉस्पिटलात ॲडमिट होते. तेव्हाच तिथे हॉस्पिटलांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या एनएबीएच या संस्थेची तपासणी होती. ते दिवस प्रत्येक सिस्टर औषध देण्याआधी त्यांना पूर्ण नाव विचारायची, मनगटावरचा पट्टा बघायची. तपासणीवाले गेले आणि ‘तेरा नंबर, गोळी घ्या’ सुरू झालं. मग त्या प्रमाणपत्राचा पेशंटला उपयोग काय?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, नेमकं तेच पाहिलंत जे पाहायला हवं. खाटेच्या नंबरावर औषध देणं धोक्याचं, कारण पेशंटची खाट बदलते. म्हणून नाव आणि नोंदणी क्रमांक अशा दोन खुणा पडताळायच्या असतात. त्यातही ‘तुम्ही पाटीलच ना?’ असं विचारून चालत नाही. गुंगीतला म्हातारा माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘नाव सांगा’ असंच विचारायचं.

मी अनेक वर्षं वॉर्ड इन्चार्ज होते. असेसर, म्हणजे तपासणीवाले, येणार म्हटलं की रात्री जागून फाइली पुऱ्या व्हायच्या, राहिलेल्या सह्या व्हायच्या. ते मला तेव्हाही पटायचं नाही. पण त्याच धावपळीत क्रॅश कार्टमधली, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीतली, मुदत संपलेली इंजेक्शनं सापडायची, हेही खरं. पोटॅशियम क्लोराइडचे अँप्युल वॉर्डच्या उघड्या ट्रेमधून उचलून कुलपात गेले तेही तपासणीमुळे. ते औषध पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. असेसर गेल्यावरही ते कुलपातच राहिले. वस्तूची जागा बदलली की बदल टिकतो. नाव विचारण्यासारखी सवय मात्र रोज कुणीतरी लक्ष घातल्याशिवाय टिकत नाही.

अमेरिकेत 2006 पासून जॉइंट कमिशन या तिथल्या अशाच संस्थेचे तपासनीस न कळवता येतात. तिथल्या 2008 ते 2012 मधल्या अशा तपासण्यांचा अभ्यास 2017 मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. एरवीच्या आठवड्यांत दाखल झालेल्या वयस्क पेशंटांमध्ये तीस दिवसांतले मृत्यू 7.21 टक्के होते, तपासणीच्या आठवड्यात 7.03. मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत 6.41 वरून 5.93. मशिनं तीच, इमारत तीच. नेमकं कशामुळे हे त्या अभ्यासातून उलगडलं नाही; माझं मत विचाराल तर माणसं जास्त सावध होती. आणि ती सावधगिरी एरवीही शक्य आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग ती सावधगिरी नंतर कशामुळे ओसरते? रात्रपाळीला एका सिस्टरकडे वीस-वीस पेशंट असतील तर तिला दोष कसा द्यायचा? तपासणीच्या दिवसांत स्टाफ वाढवतात, नंतर काढून घेतात. शिवाय सीजीएचएस या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेसारख्या योजनेत एनएबीएच हॉस्पिटलला दर जास्त मिळतो, त्यामुळे काही मालकांचा जीव प्रमाणपत्रातच अडकलेला असतो.

माझी कसोटी वेगळी आहे. चुकीचं इंजेक्शन भरलं गेलं, पण देण्याआधी सिस्टरच्या लक्षात आलं आणि तिने ते चुका नोंदवायच्या इन्सिडेंट फॉर्मवर लिहिलं, तर तिला शाबासकी मिळते की मेमो? जिथे मेमो मिळतो तिथे रजिस्टर कोरं राहतं, आणि असेसरसमोर ते अभिमानाने ठेवतात. शंभर खाटांच्या हॉस्पिटलात वर्षभरात एकही पेशंट पडला नाही, असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. नोंदी वाढल्या तर घाबरू नये. लोक बोलू लागलेत, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्या वेळी नाव विचारलं नाही तर सासऱ्यांना स्वतःहून सांगू द्या. गोळी कशाची, तेही विचारा. कुणाला राग आला तरी विचारा. आणि आत्ता जे पाहिलंत ते हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागाला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर एनएबीएचकडेही तक्रार करता येते. प्रमाणपत्राच्या मुदतीत ते पुन्हा पाहणी करतात, अचानकही येऊ शकतात. तक्रारीत तारीख, वॉर्ड आणि पाळी लिहा, सिस्टरचं नाव लिहू नका. नाव लिहिलंत तर त्या मुलीला मेमो मिळेल आणि त्या पाळीला माणसं किती होती, हे कुणी विचारणारच नाही.