कॉलेजच्या बेसबॉलसाठी अमेरिकेत एवढं मोठं नवं स्टेडियम कशाला बांधतात?

कारण लोक खरंच येतात हो! मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचं डूडी नोबल फील्ड हे बेसबॉल स्टेडियम घ्या, स्टार्कव्हिल हे छोटंसं गाव पण स्टेडियम जवळपास पूर्ण नव्याने बांधलं, 2019 पर्यंत काम झालं, खर्च 6 कोटी डॉलरच्या वर, आणि 2023 च्या एप्रिलमध्ये ओल मिस (म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ) विरुद्धच्या मॅचला 16,423 लोक, कॅम्पसवरच्या कॉलेज बेसबॉलचा रेकॉर्डच तो. खरी मजा लेफ्ट फील्डला, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागात डाव्या बाजूला. पूर्वी तिकडे लोक कुंपणामागे पिकअप ट्रक लावून त्यातच बसायचे, सोबत शेगडी आणि मांस भाजणं चालू. नव्या बांधकामात त्यांनी ही बसायची जागा, म्हणजे ‘लेफ्ट फील्ड लाउंज’, मोडली नाही, नीट बांधून काढली, वर मैदानाकडे तोंड करून फ्लॅटसुद्धा काढलेत! मला तर तिकिटापेक्षा त्या शेगडीजवळची जागा परवडेल.