पहिले बदली बॅरल : स्वस्त की महाग?

तुमच्या .२२३ (काडतुसाचा एक प्रकार) बोल्ट-ॲक्शन रायफलसाठी नवे बॅरल, म्हणजे नळी, निवडताना किमतीआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : पहिले वर्षभर तुम्ही किती अंतरावर नेम धरणार आहात? उत्तर १०० यार्ड असेल, तर मध्यम किमतीचे बॅरल घ्यावे आणि वाचलेले पैसे काडतुसांवर खर्च करावेत, कारण सुरुवातीला गोळ्या विखुरतात त्या बहुधा आपल्या श्वासामुळे आणि ट्रिगर ओढण्याच्या पद्धतीमुळे.

महाग बॅरलमध्ये पैसे जातात ते आतला पृष्ठभाग हाताने घासून गुळगुळीत करण्यात आणि व्यास टोकापर्यंत एकसारखा राखण्यात. त्यामुळे गोळीच्या आवरणाचे तांबे आत कमी चिकटते. माझ्या जुन्या स्वस्त बॅरलमधून सफाईच्या दहाव्या चिंधीवरही तांब्याचा निळसर-हिरवा डाग उमटत असे; आताच्या बॅरलमध्ये चौथीच चिंधी पांढरी निघते. (सफाईचा कंटाळा असणाऱ्यांना एवढे कारणही पुरेसे आहे.)

नवखे सहसा चुकतात ते पिळाकडे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या बॅरलच्या आतल्या खाचांच्या वळणाकडे, दुर्लक्ष करून. १२ इंचांत एक फेरा देणारे बॅरल ५५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाची गोळी व्यवस्थित फेकते, पण ७७ ग्रेनची लांब गोळी त्यातून स्थिर जात नाही. तिला ८ इंचांचा पिळ लागतो. दुसरी चूक म्हणजे तीनच गोळ्यांच्या गटावरून (लक्ष्यावर एकत्र पडलेल्या भोकांवरून) बॅरलला नावे ठेवणे. किमान पाच-पाच गोळ्यांचे चार गट पाहावेत.

बसवण्याचे काम मात्र जाणकार गनस्मिथकडेच द्या आणि हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसासाठी राहणारी जागा) गेजने तपासून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडू नका.